काशीभाऊचे आठ तास

माझ्या दुकानाची पायरी काशीभाऊ कधी चढला नाही. किन्हवलीच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे, दोन पायऱ्या चढून वर. काशीभाऊची तीनचाकी हातसायकल रस्त्यावरच थांबायची. तिला त्याने कुठल्याशा भंगारातल्या टेम्पोचा भोंगा बसवून घेतला होता. तो वाजला की मुरबाडच्या एसटीत बसलेली माणसंसुद्धा दचकून बाहेर बघायची. मग हाक यायची, "मेडिकल! ओ मेडिकल! मेलास का जिता हायस?" मी काउंटर टाकून बाहेर पळायचो. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण काशीभाऊपुढे कुणाचीच डाळ शिजत नसे. पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधून घेतो, असं मी त्याला बारा वर्षं सांगत आलो. काशीभाऊला जाऊन आता सहा महिने होतील. उतार अजून बांधलेला नाही.

कमरेखाली त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. वरचा माणूस मात्र दणकट, दंड पहिलवानासारखे, आणि जीभ त्याहून दणकट. रस्त्याकडेच्या आपल्या घराच्या ओटीवर बसून तो कुकर, छत्र्या, बॅटऱ्या, फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. वस्तू हातात घेण्याआधीच विचारायचा, "किती तासात पायजे?" 'उद्या चालेल' म्हटलेलं त्याला खपत नसे. "उद्या काय उद्या? तास सांग." एकदा कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आला, तर ह्याने मुहूर्ताला किती तास उरलेत ते बोटांवर मोजून त्याच्या हातात ठेवलं. नवरदेवाचा बाप बिचारा घाबरून चहा न घेताच गेला.

महिन्यातून एकदा तो माझ्याकडून लघवीची नळी, पिशव्या, पाय आखडू नयेत म्हणून गोळ्या आणि पट्ट्या न्यायचा. सगळं मांडीवर नीट लावून झालं की आवाज एकदम खाली यायचा.

"सुई हाय ना?"

ही सुई म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन. आमच्या भागात हे नाव न अडखळता घेणारी माणसं दोनच. एक मी, आणि दुसरा चौथी नापास काशीभाऊ. ती काय करते हेही तो माझ्यापेक्षा सोपं करून सांगायचा. "पाठीच्या कन्याच्या आत एक दोरी असते. तिला मार लागला का ती सुजते. सुजली का मनक्यांच्या नळीत तिला जागा नाय पुरत. जे तंतू वाचलेले असतात तेपन चेंगरून मरतात. ही सुई सूज उतरवते. पन आठ तासात. नवव्या तासाला नुसता पानी."

मी त्याला परोपरीने सांगितलं होतं, की बाबा, ही सुई मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या हाताने, सलाइनमधून द्यायची. माझ्या कपाटातल्या एका बाटलीने काही होणार नाही. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "असू दे. तुज्या कपाटात हाय म्हंजे मला झोप लागते." म्हणून एक बाटली मी ठेवायचो. दर महिन्याला ती बाहेर नेऊन त्याला तारीख दाखवायची. मुदत संपली की परत पाठवायची आणि नवी मागवायची. बारा वर्षांत ती कुणीही विकत घेतली नाही.

आता हे आठ तास कुठून आले ते सांगायला हवं. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी ती जागा भाजतात. त्यासाठी माघ-फाल्गुनात माणसं ऐनाच्या झाडांवर चढून फांद्या तोडतात. हा टहाळ वाळवून जमिनीवर पसरायचा आणि जाळायचा, म्हणजे राब झाला. वीस वर्षांपूर्वी, ऐन तिशीत, काशीभाऊ टहाळ तोडताना झाडावरून पडला. तो दिवस तो एसटीच्या वेळापत्रकासारखा म्हणून दाखवायचा, आणि माझ्यासमोर निदान पन्नासदा म्हटला असेल.

"आठ वाजून धा मिनटं, पडलो. दादा खाली टहाळ गोळा करीत व्हता. दूधवाल्याची मोटारसायकल तिथंच हुबी. दूधवाला बोलला, मधी बसवू, आमी दोघं पुढनं मागनं धरतो, तासात शहापूर. दादा बोलला, नाय. बसवायचा नाय. आन गेला घरी. घराचा दार काढून आनला, दार! साडेनऊ. चौघांनी मला दारावर घातला. दादा पुढं, हळू रे, हळू रे करीत. डांबरीवर आलो तवा बारा. टेम्पो मिळाला एकला. शहापूर अडीच. तिथनं मुंबईच्या हॉस्पिटलात सवापाच. नऊ तास पाच मिनटं."

तिथल्या एका तरण्या डॉक्टरने घड्याळात बघितलं आणि म्हटलं, आठ तासांच्या आत आणलं असतंत तर एक इंजेक्शन देता आलं असतं. म्हटलं आणि तो पुढच्या खाटेकडे वळला. त्याला हे वाक्य संध्याकाळपर्यंतही लक्षात राहिलं नसेल. काशीभाऊने ते जन्मभर सांभाळलं.

"येक तास पाच मिनटं, मेडिकल. दादाच्या दारानं माजे पाय खाल्ले."

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, बाळारामदादा. काशीभाऊ त्या दिवसापासून त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. दादाचं घर वर पाड्यावर, ह्याचं खाली रस्त्याला. हातसायकल चालावी म्हणून रस्त्याकडेचं ते घर दादानेच उभं करून दिलं होतं. काशीभाऊच्या वाटणीचं भातही दादाच पिकवायचा आणि ओटीवर आणून ठेवायचा. काशीभाऊची बायको दिराला पाणी द्यायची. हा पाठ फिरवून छत्रीच्या काड्या वाकवत बसायचा.

एकदा दोघांची माझ्या दुकानापाशी गाठ पडली. दादा आत ब्लडप्रेशरची गोळी घ्यायला आलेला, हा खाली रस्त्यावर. मध्ये जेमतेम सहा हातांचं अंतर. काशीभाऊ ओरडला, "ओ मेडिकल, तिथं कोन एक म्हातारा हुबा हाय. त्याला इचार, गोळी रोज घेतो का आठवल तवा?"

दादा मला म्हणाला, "सांग त्याला, रोज घेतो."

"त्याला सांग, खोटा बोलतो. डोळं बघ कसं लाल झालंत."

"त्याला सांग, डोळं राबाच्या धुरानं लाल झालंत."

मी वैतागून म्हटलं, "मला काय टपालवाला समजलात होय रे दोघांनी?" तसे दोघेही हसले. एक खाली, एक वर, पण एकमेकांकडे न बघता. आज ना उद्या हे बर्फ वितळेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी जरा भाबडाच आहे.

राबाचे दिवस आले की काशीभाऊ भल्या सकाळी सायकल मारत रानवाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. कोयता खांद्यावर टाकून निघालेल्या प्रत्येकाला तो अडवायचा. "कंबरंला दोर हाय? झाडाखाली गाडी हाय? टाकी भरली का?" मग उपदेश. "कोन पडला का उचला, गाडीवर बसवा आन पळा. रडत बसू नका. दार शोधत तर अजाबात बसू नका." आणि लोक ऐकायचे. पाय गेलेल्या माणसाने पायाविषयी सांगितलेलं कोण टाळणार? ऐनाच्या झाडाखाली रस्त्याकडे तोंड करून मोटारसायकल उभी करण्याची आमच्या भागात रीतच पडली. त्या वर्षांत दोघं पडलेही. एकाचा हात मोडला, एकाची तंगडी. गाडीवर बसवून नेले, बरे झाले. काशीभाऊचा शब्द आणखी पक्का झाला.

तीनेक वर्षांपूर्वी शहापूरला आरोग्य शिबिर होतं. औषधं वाटायला मी गेलो होतो. तिथे हाडांचे एक अनुभवी डॉक्टर भेटले. जेवताना मी त्यांना सहज काशीभाऊच्या सुईचं विचारलं. ते म्हणाले, "पूर्वी सगळीकडे द्यायचे. आता बरेच डॉक्टर सरसकट देत नाहीत. फायदा झालाच तर थोडा, आणि जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, हे धोके खरे. लवकर आणणं चांगलंच, पण आधी त्याची मान आणि पाठ हलता कामा नये. फळीवर सरळ झोपवून आणा, उशीर झाला तरी चालेल. बसवून आणलंत तर उरलेली दोरी तुम्हीच तोडता. मग सुई काय करणार?"

 मी विचारलं, "फळी नसली तर? दार चालेल?"

"उत्तम," ते म्हणाले.

येताना एसटीत मी ठरवून टाकलं की काशीभाऊला सांगायचं. त्या महिन्यात भोंगा वाजला, मी बाटली घेऊन खाली गेलो. त्याने तारीख वाचली, बाटली उन्हात धरून बघितली आणि म्हणाला, "झ्याक." आणि मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यातही बसलो. मी स्वतःला समजावलं, की ह्या माणसाकडे उरलंय काय? एक ती सुई आणि एक तो राग. दोन्ही काढून घेतले तर त्याने इतक्या वर्षांचं करायचं काय? दयाळूपणाचा मला फार सोस. खरं म्हणजे मला त्याच्या तोंडाकडे बघत ते सांगण्याची हिंमत नव्हती. राबाच्या वाटेवर तो लोकांना काय शिकवतोय, हे मला रोज दिसत होतं. तरी मी बोललो नाही. ह्याला चूक म्हणणंसुद्धा सवलत घेणं आहे.

गेल्या वर्षी फाल्गुनात सदा पडला. सदा म्हणजे बाळारामदादाचा एकुलता मुलगा, तिशीतला, आसनगावजवळच्या कंपनीत कामाला. राबासाठी दोन दिवस रजा टाकून आला होता.

मला ही बातमी त्याच दिवशी दुपारी काशीभाऊकडूनच कळली. भोंगा लांबूनच वाजत आला. "मेडिकल! दोन तास चाळीस मिनटं! कल्याणला पोचला! सुई लागली रे, सुई लागली त्याला!" घामाने निथळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता. नाक्यावरच्या सगळ्यांना त्याने चहा पाजला. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाला, "मी दादाशी बोललो. फोनवर. आमच्या घरातला येक तरी चालंल, बघ तू."

मी विचारलं, "नेलं कसं त्याला?"

"कसा म्हंजे? गाडीवर. मधी बसवून."

माझ्या हातातला चहा मी तसाच ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी बाळारामदादा दुकानात आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लघवीची नळी दे. आन पिशव्या. काशीला देतोस तशाच." मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. मी त्याला आत स्टुलावर बसवलं. त्याने मोजक्या शब्दांत सांगितलं.

सदा पडला तेव्हा शुद्धीवर होता. पाठीत कळा येत होत्या, पण पायांची बोटं हलत होती. दादाने स्वतः बघितली. तो सगळ्यांना म्हणाला, कुणी हात लावू नका, सरकारी गाडी बोलवा, मी दार आनतो. तेवढ्यात, कुणी पडलं की काशीभाऊला विचारायचं ह्या रीतीप्रमाणे, शेजाऱ्याने त्याला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"तुम्ही का ऐकलंत दादा?" मी म्हटलं. "तुम्हाला तर कळत होतं."

"मला काय कळतं रे? बैल पडला, कना दुखावला, तर त्याला हुबा करायचा नसतो, येवडा ठाव हाय." त्याने मिशीवरून हात फिरवला. "काशी फोनवर बोलला, 'दादा'. येकोनीस वर्सांनी मला 'दादा' बोलला. बोलला, दादा, तुज्या पाया पडतो, माज्यासारखा त्याला करू नको, बसव गाडीवर. मंग माज्या तोंडातनं नाय निघाला नाय. वाटला, आपन येकदा चुकलो, आता ह्याचा ऐकू. शहापूरला उतरवला तवा बोटं हलायची थांबली व्हती."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बोलले, सुईचा काय घेऊन बसलाव? ह्याला बसवून कोनी आनला? मी बोललो, मी."

उठताना त्याने माझा हात धरला. "काशीला यातला काय सांगू नको. पाय गेले त्याचे. आता हे आनखी कशाला?"

काशीभाऊ इकडे वाट बघत होता. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "सदा हुबा राहिला का?" लोक म्हणायचे, हळूहळू, वेळ लागतो. ह्याने हिशेब केला, महिना, दीड महिना. वैशाखात एका सकाळी भोंगा वाजला. बाहेर जाऊन बघतो तर सायकलच्या मागे धरून चालायची चौकट बांधलेली. जुन्या सायकलींचे पाइप कापून, जोडून त्याने स्वतः बनवली होती. हाताला टोचू नये म्हणून मुठींना रबर गुंडाळलं होतं, खाली चार बुचं लावली होती. "सदाची उंची माज्याच येवडी," तो म्हणाला. "माज्या मापानंच केली. मी हुबा व्हतो तवाच्या."

ती चौकट बघितली आणि माझ्याने राहवलं नाही. मी खालच्या पायरीवर बसलो, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. आणि सगळं सांगितलं. सुईचं, फळीचं, दाराचं. सदाच्या हलणाऱ्या बोटांचं. दादाने डॉक्टरसमोर 'मी' म्हटलं त्याचं. दादाचा शब्द मी मोडला, आणि तो मोडल्याचा मला पस्तावा नाही. त्याआधीच्या दोन वर्षांचा आहे.

काशीभाऊने एकच विचारलं. "तुला कवापासनं ठाव?"

"दोन वर्षं झाली."

मला वाटलं, आता आईबहीण निघेल. निघायला हवी होती.  त्याने मागची गाठ सोडली, चौकट माझ्या पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "कोनाला लागला तर दे." आणि सायकल वळवली ती घराकडे नाही, पाड्याच्या चढाकडे.

तो चढ धडधाकट माणसालाही दमवतो. मी मागे धावलो, सायकलला हात लावला, तर त्याने तो झटकून टाकला. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही हातांनी चाकं रेटत, मध्ये मध्ये दगडाला टेकत, तो वर गेला. मी वीस पावलं मागे राहून चालत होतो. काशीभाऊला मी बघितलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढे तो पाड्यावरच राहिला. त्याचं आणि सदाचं सामान न्यायला बाळारामदादाच यायचा, आणि मला वर जायला तोंड नव्हतं. भादव्यात लघवीचा संसर्ग मूत्रपिंडात गेला आणि तो आटोपला. सदा अजून खाटेवर आहे.

दादाच्या अंगणाला दगडी उंबरा आहे. त्या दिवशी तिथे सायकल अडली. दादा ओटीवर बसला होता. आतून सदाच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"दादा," काशीभाऊने हाक मारली. दादा उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. काशीभाऊला धाप लागली होती. चूक झाली, माफ कर, असलं तो काही बोलला नाही. म्हणाला, "सदाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा. नायतर पाठीला फोड येतात, हाडापरेंत जातात. तुमाला नाय जमायचा. मला ठाव हाय कसा वळवायचा. मला आत घे."

दादा अंगण ओलांडून आला. सत्तरीला टेकलेला माणूस. भावापुढे वाकला, त्याच्या गुडघ्यांखाली हात घातला आणि म्हणाला, "धर मानंला."

काशीभाऊने त्याच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी घातली. तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं होतं, त्यामुळे पुढचं मला पुसट ऐकू आलं.

"हळू, दादा. घाय नाय."

दादाने त्याला उचललं. चार पावलं गेला आणि अंगणाच्या मध्यावर दम खायला थांबला.  मी पुढे होऊन म्हटलं, खाली ठेवा जरा. त्याने मान हलवली, आणि भावाला तसाच धरून उन्हात उभा राहिला.